पुरे की अपुरे?

गणिताचे पाठ्यपुस्तक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक अलिखित करार असतो. पुस्तकाने उदाहरण घातले म्हणजे त्याला उत्तर असणारच, ते एकच असणार, आणि ते काढण्यास जेवढी माहिती लागते तेवढीच, न कमी न अधिक, त्या उदाहरणात दिलेली असणार, हा तो करार होय. तो मुलांना कोणी समजावून सांगत नाही; परंतु पहिलीपासून दहावीपर्यंत शेकडो उदाहरणे सोडविता सोडविता तो त्यांच्या अंगवळणी पडतो. मग उदाहरण पुरते वाचून होण्यापूर्वीच हात आकडेमोडीला लागतो. दिसतील ते आकडे उचलावे, बेरीज जमली तर बेरीज, नाही तर गुणाकार करावा, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळे व्हावे! दिलेली माहिती पुरते की नाही, हा विचार करण्याची पाळीच येत नाही. कारण ती पुरणार, हे आधीच ठरून गेलेले असते.

ही सवय किती खोल रुजते याचे एक उदाहरण गणितशिक्षणाच्या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणितशिक्षण-संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील मुलांना एक प्रश्न घातला. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर जहाजाच्या कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवर काही ना काही क्रिया करून कप्तानाचे वय सांगून टाकले! ही मुले मंदबुद्धीची होती असे समजणे अन्यायाचे होईल. घरी कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर त्यांतील बहुतेकांनी हसून विचारणाऱ्याकडे पाहिले असते. शाळेच्या बाकावर मात्र त्यांनी कराराचे पालन केले. गुरुजींनी विचारले आहे, त्याअर्थी उत्तर असलेच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा. दोष असलाच तर तो आम्हा शिक्षकांच्या पद्धतीचा आहे.

या सवयीवर नेमके बोट ठेवणारा एक प्रश्नप्रकार अलीकडे स्पर्धापरीक्षांतून रूढ झाला आहे. 'माहितीची पर्याप्तता' असे त्याचे नाव. त्यात एक प्रश्न असतो आणि त्याच्याखाली दोन विधाने असतात. गंमत अशी की, प्रश्नाचे उत्तर काढावयाचेच नसते. ते काढता येईल किंवा कसे, एवढेच सांगावयाचे असते. पहिले विधान एकटे पुरेल काय? दुसरे एकटे पुरेल काय? दोहोंपैकी कोणतेही एक चालेल काय? दोन्ही एकत्र घेतली तरच भागेल काय? की दोन्ही घेऊनही अपुरी पडतील? या पाच पर्यायांतून एक निवडावयाचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ पासून नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत जी दुसरी प्रश्नपत्रिका सुरू केली, तिच्या अभ्यासक्रमात हा प्रकार नाव घेऊन समाविष्ट केलेला आहे, आणि त्याची पातळी इयत्ता दहावीची असल्याचेही तेथे नमूद आहे. म्हणजे जे ज्ञान त्याला लागते ते शाळेतच मिळालेले असते. तरीही पदवीधर तरुण या प्रश्नांपाशी अडखळतात आणि शिकवणीवर्गात जाऊन त्यांच्या युक्त्या पाठ करतात. आमचे मत असे आहे की, युक्त्या पाठ करण्याची ही वेळ येऊच नये. या प्रश्नांचे खरे स्थान शिकवणीवर्गात नसून नववी-दहावीच्या वर्गात, एकसामयिक समीकरणांच्या धड्यालगत आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. गणिताचे अध्यापन हे आमचे क्षेत्र नव्हे. म्हणून शास्त्रीय परिभाषेच्या वाटेला न जाता, महाकालाच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो व्यवहार रोज चालतो त्याचेच उदाहरण घेऊ. एका नारळाची किंमत क्ष रुपये आणि एका हाराची य रुपये मानू. प्रश्न असा की, नारळाची किंमत किती? पहिले विधान : २ नारळ व ३ हार मिळून १२० रुपये. दुसरे विधान : ३ नारळ व २ हार मिळून १३० रुपये. यांपैकी कोणतेही एकटे विधान पुरत नाही. दोन्ही एकत्र घेतली म्हणजे ५ नारळ व ५ हार यांचे २५० रुपये होतात, अर्थात एक नारळ व एक हार मिळून ५० रुपये. आणि वजाबाकी केली असता नारळ हारापेक्षा १० रुपयांनी महाग ठरतो. म्हणून नारळ ३० रुपयांचा आणि हार २० रुपयांचा. येथे दोन अज्ञाते होती, दोन समीकरणे मिळाली, आणि कोडे सुटले. विद्यार्थी यावरून एक सूत्र मनाशी बांधतो : अज्ञाते जितकी, समीकरणे तितकी, म्हणजे झाले!

हे सूत्र अर्धसत्य आहे, आणि पर्याप्ततेच्या प्रश्नांत बहुतेकांना तेच दगा देते. चार उदाहरणांनी ते स्पष्ट होईल.

पहिले विधान तेच ठेवू. परंतु दुसरे बदलून असे करू : ४ नारळ व ६ हार मिळून २४० रुपये. अज्ञाते दोन, समीकरणेही दोन. घाईचा विद्यार्थी 'दोन्ही मिळून पुरेशी' असे लिहून पुढे जाईल. पण बारकाईने पाहता दुसरे विधान म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. ते नवे काहीही सांगत नाही. नारळ ३० व हार २० रुपयांचा धरला तरी दोन्ही विधाने खरी ठरतात; नारळ ४५ व हार १० रुपयांचा धरला तरीही ती खरीच ठरतात. आलेख काढला तर दोन समीकरणांच्या दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसतात. दोन ओळी लिहिल्या खऱ्या, परंतु माहिती एकाच ओळीची आहे.

दुसऱ्या उदाहरणात याच्या उलट घडते. प्रश्न असा विचारला की, एक नारळ व एक हार यांस मिळून किती पडतील? विधान एकच : ५ नारळ व ५ हार यांचे २५० रुपये होतात. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी म्हणेल की, अज्ञाते दोन व समीकरण एक, म्हणून माहिती अपुरी. वस्तुतः ती पूर्णपणे पुरेशी आहे. उत्तर ५० रुपये. नारळाची किंमत आपणास कळली नाही, हाराचीही कळली नाही. पण त्या कोणी विचारल्याच नव्हत्या. प्रश्नात काय मागितले आहे हे ध्यानात न घेता नुसती अज्ञाते मोजली, तर असे होते.

तिसरे उदाहरण मौजेचे आहे. एका मुलीने ५ रुपयांना एक याप्रमाणे काही पेन्सिली आणि ७ रुपयांना एक याप्रमाणे काही खोडरबरे घेतली आणि एकूण ४१ रुपये दिले. पेन्सिली किती? समीकरण एकच आहे. परंतु अर्धी पेन्सिल कोणी विकत नाही. पूर्णांकांचे बंधन येथे न लिहिता लिहिलेलेच आहे. शोधून पाहिले तर ४ पेन्सिली व ३ खोडरबरे याखेरीज दुसरी जोडी सापडत नाही. तेव्हा एक समीकरण पुरले! मात्र यावरून नवे सूत्र बांधू नये. तिने ४१ ऐवजी ७६ रुपये दिले असते, तर ११ पेन्सिली व ३ खोडरबरे हेही उत्तर बसले असते आणि ४ पेन्सिली व ८ खोडरबरे हेही. तेच समीकरण, तीच अज्ञाते, फक्त रक्कम बदलली, आणि पुरेशी माहिती अपुरी झाली.

चौथे उदाहरण 'होय किंवा नाही' अशा उत्तराचे. नारळ हारापेक्षा महाग आहे काय? पहिले विधान : २ नारळ व ३ हार मिळून १२० रुपये. दुसरे विधान : हाराची किंमत ३० रुपयांहून अधिक आहे. दोन्ही एकत्र घेतली म्हणजे ३ हारांचेच ९० रुपयांहून अधिक झाले. उरलेल्या ३० रुपयांहून कमी रकमेत दोन नारळ बसवावयाचे, म्हणजे नारळ १५ रुपयांच्या आतला. तो हारापेक्षा महाग नाही, हे निश्चित झाले. पुष्कळ विद्यार्थी येथे 'नाही' असे उत्तर निघाले म्हणून 'माहिती अपुरी' असे लिहून बसतात. ठाम नकार हेही एक पूर्ण उत्तर आहे. अपुरेपणा नकारात नसतो, अनिश्चिततेत असतो.

या चारही उदाहरणांचे सार असे की, माहिती मोजावयाची नसते, तोलावयाची असते. ओळी किती आहेत हे कोणालाही मोजता येते. प्रत्येक ओळ नवे काय सांगते, विचारलेल्या गोष्टीशी तिचा संबंध काय, आणि न लिहिलेली कोणती बंधने गृहीत आहेत, हे तोलण्यास मात्र विचार लागतो. समीकरणे सोडविण्याचे यांत्रिक काम आज खिशातील यंत्रही क्षणार्धात करते. ती सोडवावी की नाही, आणि सोडविल्याने काही हाती लागेल काय, हे ठरविण्याचे काम माणसाकडे उरते. आपल्या शाळांतून नेमके तेच शिकविण्याचे राहून जाते.

असा विचार परदेशी परीक्षांकडून उसना घ्यावा लागतो, असेही कोणी समजू नये. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्ध केलेल्या 'बीजगणित' या ग्रंथात 'अनेकवर्ण समीकरण' असे एक प्रकरण आहे. वर्ण म्हणजे रंग. पहिल्या अज्ञातास ते यावत्तावत् म्हणतात आणि पुढील अज्ञातांस कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देतात. आपल्या क्ष आणि य यांच्यापेक्षा ही नावे कितीतरी रसाळ आहेत! त्या प्रकरणातील एक उदाहरण असे : ३ द्रम्मांस ५ पारवे, ५ द्रम्मांस ७ सारस, ७ द्रम्मांस ९ हंस आणि ९ द्रम्मांस ३ मोर मिळतात, तर १०० द्रम्मांत १०० पक्षी आणावे. अज्ञाते चार, समीकरणे दोन : एक पक्ष्यांच्या संख्येचे आणि एक किमतीचे. पाठ केलेल्या सूत्राप्रमाणे हे उदाहरण सोडूनच द्यावे लागेल. भास्कराचार्य ते सोडत नाहीत. याला एकाहून अधिक उत्तरे आहेत हे जाणून ती कशी मिळवावी हे ते दाखवितात. सांगितलेल्या भावाचे पूर्ण वाटेच घ्यावयाचे आणि प्रत्येक जातीचे पक्षी घ्यावयाचेच, असे धरून आम्ही हिशेब करून पाहिला, तेव्हा सहा उत्तरे निघाली. त्यांपैकी दोन येथे देतो : ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस व १२ मोर हे एक; ५५ पारवे, २१ सारस, ९ हंस व १५ मोर हे दुसरे. उरलेली चार वाचकांनी सुटीत शोधावी. दिलेल्या माहितीने उत्तर एकावर आणता येत नाही. पण ती निरुपयोगीही नाही, कारण असंख्य शक्यतांतून तिने सहाच शिल्लक ठेवल्या. अपुऱ्या माहितीचाही असा काटेकोर हिशेब ठेवता येतो, हे केवढे मोठे शिक्षण आहे!

याच परंपरेतील कुट्टक म्हणजे पूर्णांकांत उत्तरे शोधण्याची रीत. ज्या उदाहरणात भाज्य व हार यांना ज्या संख्येने भाग जातो, तिने क्षेपास मात्र जात नाही, असे उदाहरण 'दुष्ट' होय, असे भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितले आहे. ६ रुपयांच्या पेन्सिली व ९ रुपयांच्या वह्या घेऊन बरोबर ५० रुपये कधीही होणार नाहीत; कारण ६ व ९ या दोहोंस ३ ने भाग जातो, ५० ला जात नाही. असा प्रश्न पुढे आला तर विद्यार्थ्याने घाम गाळीत बसू नये. प्रश्नातच दोष आहे असे निर्भयपणे सांगावे. प्रश्नालाही चूक म्हणता येते, हे आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी शिकविले आणि आजच्या वर्गातील मुलांना ते ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे. तो लेख १२०७ सालचा असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. केवळ त्या ग्रंथांचे पठण व्हावे म्हणून मठ स्थापणाऱ्यांची ती दृष्टी आपण वर्गात थोडी तरी आणावयास नको काय?

आपण उज्जयिनीकर तर या बाबतीत विशेष भाग्यवान आहोत. आपल्या प्राचीन ज्योतिर्गणितात मध्यरेषा याच नगरीवरून जाते असे मानीत, वराहमिहिर अवंतीचे, आणि सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेली वेधशाळा आजही क्षिप्रेजवळ उभी आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ च्या सुमारास तिचा जीर्णोद्धार केला. ही वेधशाळा म्हणजे पर्याप्ततेच्या प्रश्नांचे दगडी पाठ्यपुस्तकच होय. आकाशात अमुक तारा नेमका कोठे आहे? तो कोणत्या दिशेस आहे एवढेच कळले, तर क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या एका संपूर्ण कमानीवर तो कोठेही असू शकेल. तो क्षितिजापासून किती अंश वर आहे एवढेच कळले, तर भोवतालच्या एका संपूर्ण वर्तुळावर कोठेही असू शकेल. दोन्ही कळले की कमान आणि वर्तुळ एकाच बिंदूत छेदतात आणि तारा सापडतो. दिगंश यंत्रावर हे दोन्ही कोन मोजता येतात. आलेखावर दोन रेषा एका बिंदूत छेदतात, त्याचाच हा आकाशातील अवतार नव्हे काय?

दुसरा प्रश्न सम्राट यंत्रापाशी विचारावा. यंत्रावर सावली बरोबर बारा दाखवीत आहे. तर मनगटावरील घड्याळात किती वाजले असतील? पुष्कळ जण 'बारा' म्हणतील. पण भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशाची. आणि आपले रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला. एका अंशास ४ मिनिटे याप्रमाणे हा फरक जवळजवळ २७ मिनिटांचा होतो. एवढ्यानेही भागत नाही. सूर्य वर्षभर घड्याळाच्या चालीने चालत नाही : नोव्हेंबरच्या आरंभी तो सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १४ मिनिटे मागे. म्हणून सावलीचे बारा वाजतात तेव्हा घड्याळात नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२ वाजून ११ मिनिटे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १२ वाजून ४१ मिनिटे झालेली असतात. तात्पर्य, नुसती सावली अपुरी, नुसती तारीख तर अगदीच अपुरी. दोन्ही मिळून पुरेशी. सहलीच्या वेळी यंत्रासमोर छायाचित्र काढून परतण्यापेक्षा हा एक प्रश्न वर्गाने तेथे सोडविला, तर सहलीचे सार्थक होईल.

आमच्या या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, जी मुले सरळ उदाहरणच धडपणे सोडवू शकत नाहीत, त्यांच्यापुढे हा नवा गुंता कशाला? आम्हांस उलट वाटते. आकडेमोडीत कच्चा असलेला मुलगा येथे प्रथमच इतरांच्या बरोबरीने विचार करू शकतो. कारण त्याला उत्तर काढावयाचे नसते, विधानांचा अर्थ लावावयाचा असतो. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. 'माहिती अपुरी' असे लिहिण्याची मुभा दिली, की आळशी विद्यार्थी प्रत्येक उदाहरणास तेच लिहून मोकळा होईल! यावर उपाय सोपा आहे. 'अपुरी' हे उत्तर फुकट मिळू देऊ नये. जो 'अपुरी' म्हणेल त्याने दोन साक्षीदार उभे करावे. म्हणजे दिलेली सर्व विधाने खरी ठेवणारी दोन भिन्न उत्तरे दाखवावी. वर आपण नारळ ३० व ४५ रुपयांचा धरून दाखविला, तसे. दोन साक्षीदार आणता आले नाहीत, तर त्याचे म्हणणे सिद्ध झाले नाही. त्याचप्रमाणे जो 'पुरेशी' म्हणेल त्याने दुसरे उत्तर का संभवत नाही हे सांगावे. या शिस्तीत आळसाला जागाच उरत नाही. 'मला ठाऊक नाही' हे म्हणणे आणि 'दिलेल्या माहितीवरून हे ठरविता येत नाही' हे सिद्ध करणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले अज्ञान होय. दुसरे ज्ञान होय.

हे ज्ञान परीक्षेच्या दालनातच ठेवून यावयाचे नाही. एखादी बातमी दहा जणांकडून आली म्हणजे ती दहापट खरी, असे आपण सहज मानतो. परंतु दहाही जणांनी ती एकाच मूळ ठिकाणाहून उचलली असेल, तर ती दहा समीकरणे नव्हेत. एकच समीकरण दहा वेळा लिहिलेले आहे, नारळ-हारांच्या त्या दुपटीसारखे. आपल्या नगरीत २०२८ साली सिंहस्थ भरावयाचा आहे. लक्षावधी लोकांच्या गर्दीत एक खोटी वार्ता काय अनर्थ करू शकते, हे कोणाला सांगावयास पाहिजे असे नाही. 'ही नवी माहिती आहे, की त्याच माहितीची पुनरुक्ती?' एवढा प्रश्न मनाशी विचारणारे शंभर तरुण गर्दीत असले, तर ते शंभर शिपायांचे काम करतील. कधी याहून वेगळाही प्रकार घडतो. २ नारळ व ३ हार १२० रुपयांचे, आणि ४ नारळ व ६ हार मात्र २५० रुपयांचे, असे कोणी एकाच भावाने विकल्याचे सांगितले, तर आलेखावरील रेषा समांतर जातात. त्या कोठेच भेटत नाहीत. तशा दोन बातम्या कानी आल्या तर दोहोंची सरासरी काढून समाधान मानू नये; त्यांपैकी एक तरी खोटी आहे हे ओळखून शोध घ्यावा.

आणि पालकांस एक विनंती. निकालाच्या दिवशी आपल्या हाती एक आकडा येतो : गणितात १०० पैकी ३८. त्या एका आकड्याच्या पोटात किती अज्ञाते दडलेली असतात! मुलाचे श्रम, त्याची समज, त्या दिवशीची प्रकृती, परीक्षेचे भय, वर्गात झालेले अध्यापन, घरी मिळालेली शांतता. अज्ञाते सहा आणि समीकरण एक. तरीही आपण त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांदेखत निर्णय देऊन टाकतो की, हा गणितात कच्चा. याला पुढे शास्त्र शाखा नको. कप्तानाचे वय सांगणाऱ्या त्या मुलांना आपण हसलो. आपण तरी याहून वेगळे काय केले? मुलाजवळ बसून त्याची उत्तरपत्रिका पाहावी, तो कोठे अडला हे त्यालाच विचारावे, त्याच्या शिक्षकांशी बोलावे. ही सारी नवी समीकरणे होत. ती मिळविल्यावाचून मुलाच्या भवितव्याचा निवाडा करणे हे गणिताच्याही विरुद्ध आहे आणि मायेच्याही.

याच्या उलट टोकास जाणारेही लोक असतात, हे सांगितले नाही तर आमचे म्हणणे एकांगी होईल. काही जण माहिती पुरेशी झाली तरी थांबत नाहीत. आणखी चौकशी, आणखी एक सल्ला, आणखी थोडी वाट, यांतच त्यांची वेळ निघून जाते. पर्याप्ततेच्या प्रश्नात एका विधानाने भागत असता 'दोन्ही लागतील' असे लिहिले, तर ते उत्तरही चूकच धरतात. नको तितके मागणे हीसुद्धा तोलण्यातील चूक आहे.

आमच्या घरची भाषा कोकणी. पंगतीत वाढणाऱ्यापुढे हात आडवा धरून आमच्याकडे 'पुरो' म्हणतात; मराठीत तोच शब्द 'पुरे' होतो. या लहानशा शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : 'गरजेइतके मिळाले' हा एक आणि 'आता थांबा' हा दुसरा. पोट भरले आहे की नाही हे ज्याला कळते, तोच 'पुरे' हा शब्द योग्य वेळी उच्चारतो. फार लवकर म्हणणारा उपाशी उठतो, फार उशिरा म्हणणारा अजीर्णाने आजारी पडतो. बुद्धीच्या पंगतीसही हाच न्याय लागू आहे.

म्हणून गणिताच्या अध्यापकबंधुभगिनींस आमची सूचना एवढीच की, एकसामयिक समीकरणांच्या धड्यात दर दहा उदाहरणांमागे एक उदाहरण असे घालावे, ज्यात माहिती कमी असेल, किंवा जास्त असेल, किंवा परस्परविरोधी असेल. आणि ते कोणते हे आधी सांगू नये. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक सांगणे आहे. लेखणी उचलण्यापूर्वी अर्धे मिनिट थांबून स्वतःस विचारा : मला नेमके काय विचारले आहे, मजजवळ काय आहे, आणि ते पुरे की अपुरे? या अर्ध्या मिनिटाने कोणाचीही प्रश्नपत्रिका अपुरी राहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.